न वाळलेले आप्पा

शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. रोज फोडणी घालणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. मीही रोज फोडणी घालत होते. तरी बहात्तरच्या दुष्काळात एका मयत आडत्याचं तैलचित्र मी शेंगदाण्याच्या तेलात रंगवलं आणि मग ते वाळण्याची वाट बघत बसले. अजूनही बसलेच असते, पण चित्र द्यायचा दिवस आला.

त्या वेळच्या मला तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगते. लग्न होऊन नांदेडहून लातूरला आलेली, बोटांना टर्पेंटाइनचा वास, पदराला निळा डाग, आणि तो डाग चारचौघींना दिसेल असा पदर घ्यायची खास पद्धत. लातुरात आपल्या तोडीची चित्रकार बाई नाही, असं मला ठाम वाटायचं. ते खरंही होतं. लातुरात दुसरी चित्रकार बाईच नव्हती.

हा नाद लागला वडिलांमुळे. नांदेडला त्यांचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं आणि शेजारच्या गाळ्यात गफूर उस्ताद बसायचे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड आणि माणसांची तैलचित्रं, असं सगळं ते रंगवायचे. हैदराबादेत शिकलेले. मी वडिलांचा डबा घेऊन जायची, डबा वडिलांपुढे ठेवायची आणि स्वतः उस्तादांपुढे जाऊन बसायची. एक दिवस त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. मी हरखून गेले. तो धुवायला दिला होता. पुढे बरेच महिने मी ब्रशच धुतले. मग नुसत्या राखाडी रंगात मडकी काढली, मग राखाडी रंगात कान.

"पहले कान," उस्ताद म्हणायचे. "नाक तो सब देखते. कान कोई नै देखता. जो कान देखेगा, वो आदमी देखेगा."

मी कान शिकले. माणूस बघायचं तेवढं राहून गेलं, पण ते पुढे येईलच.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मेलेलं असतं. घरातलं कुणी गेलं, की वर्ष व्हायच्या आत त्याची मोठी तसबीर बैठकीत लागली पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. ज्याला परवडेल तो फोटो मोठा करण्यावर न भागवता रंगवून घेतो. त्यासाठी आमच्याकडे येतो बोटभर फोटो. त्याच्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात काय दिसतं ते उतरवत जायचं. या घरात अर्धी भुवई, त्या घरात नाकपुडी. सगळी घरं भरली की माणूस तयार. कातडीच्या रंगासाठी दुकानात नळीच मिळायची, फ्लेश टिंट नावाची. फिकट गुलाबी, न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाचेसारखी. त्या रंगाचा माणूस मी मराठवाड्यात अजून पाहिलेला नाही, पण गिऱ्हाइकाला तोच लागायचा. "जरा उजळ करा," एवढं सांगूनच माणसं पायरी उतरायची. जिवंतपणी ज्यांना कुणी गोरं म्हटलं नाही, त्या सगळ्यांना मी मेल्यावर गोरं केलं.

तर आप्पा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, बाजारात तुरीची आडत. डोक्याला पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दुष्काळ लागायच्या सुमारास ते गेले. त्यांची बायको शांताक्का. सगळी गल्ली तिला नुसतं अक्का म्हणायची, तिची मुलंसुद्धा. तिने मला बोलावून एका लग्नातला फोटो हातात ठेवला. त्यात आप्पा चिंचोक्याएवढे. माझं स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम.

काम निम्म्यावर आलं आणि जवसाचं तेल संपलं. तैलचित्राचा रंग जवसाच्या तेलात कालवतात, कारण ते तेल हवेवर वाळून कातडीसारखं घट्ट होतं. त्या वर्षी जवसच पिकलं नव्हतं. माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळत होती, घाणे बंद. शहाण्या मुलीने नांदेडला उस्तादांना निरोप धाडला असता. मी स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःला म्हटलं, तेल ते तेल.

काय चकाकी आली म्हणून सांगू! आप्पांचा गाल नुसता झळकत होता. उस्तादांना जे साधलं नाही ते आपल्याला साधलं, असा विचार करत मी संध्याकाळभर त्या गालापुढे उभी होते. तेवढ्यात सासूबाईंनी बरणी उघडली.

"फोडणीला थेंब न्हाई घरात," त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अन् ही मेलेल्या माणसाला तेल चोपडून राहिली!"

चित्र पोचवताना मी रुबाबात सांगितलं, "अजून जरा ओलं आहे. आठवडाभर हात लावू नका." आठवडा गेला. दिवाळी गेली. आप्पा ओलेच. त्या साली आमच्या गल्लीत पाणी सोडून सगळं वाहत होतं, म्हणजे मुख्यतः धूळ. ती धूळ आप्पांच्या खांद्यावर बसली, पटक्यावर बसली, भुवयांत शिरली. शेवटी थोरल्या मुलाने, मल्लप्पाने, वर्षाच्या दिवशी चंदनाचा हार घातला. तो आप्पांना चिकटला. मल्लप्पाने ओढला, तेव्हा हाराबरोबर अर्धी मिशी आणि विभूतीचा एक पट्टा निघून आला.

मला बोलावणं आलं. मी तोंड पाडून गेले. दारात सून मिलो पाखडत बसली होती. तिने सूप आडवं धरून मला थांबवलं.

"बसा हितंच. अक्का आप्पासंगं बोलून राहिल्यात. बोलणं झाल्याबिगर कुणाला आत सोडत न्हाईत."

"रोज?"

"रोजच की. आमाला भायेर घालवत्यात अन् दार लोटून घेत्यात."

दार उघडल्यावर मी आत गेले. अर्ध्या मिशीचे, धुळीने माखलेले आप्पा भिंतीवर. खाली अक्का, शांत.

"अक्का, चुकलं माझं. मी दुसरं काढून देते."

"कशाला गं?" अक्का म्हणाली. "बाजारातून असेच यायचे. हीच धूळ असायची अंगावर. हार घातला की माणसाची तसबीर बनती. त्यायला हार नको हाय, बघितलंस न्हवं? मिशी तेवढी लावून दे."

मी नांदेडला वडिलांना कळवलं. उस्तादांनी जवसाच्या तेलाची बाटली धाडली आणि वडिलांच्या तोंडी निरोप दिला, "उसकू बोलो, मूंगफल्ली का जो बचा उसमें भजिये तल ले." मी मिशी लावली. तेव्हापासून त्या घरात आप्पांना हार नाही. गल्लीतले बाकी सगळे गेलेले लोक हारात, एकटे आप्पा मोकळे.

त्यानंतर माझं बरं चाललं. आणि मग लातूर जिल्हा झाला. बाहेरच्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या गावातल्या एकूण एक पाटीवर खाली 'जि. उस्मानाबाद' असं लिहिलेलं होतं आणि ते खरवडून 'जि. लातूर' करायची दुकानदारांना अशी घाई झाली, की मी साडी खोचून दिवस दिवस शिडीवर. गंजगोलाईच्या बाजारात माणसं मान वर करून बघत उभी राहायची. ती माझं अक्षर बघतायत असा माझा समज होता. त्यानंतर तसबिरींचं कामही वाढलं. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीत नुसता फोटो बरा दिसत नाही, असं लोकांना आपलं आपण वाटू लागलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कुणी मयतानंतर काढलेला फोटो आणायचा, नाकात कापूस, आणि म्हणायचा, "डोळे तेवढे उघडे करून द्या." शिरूर अनंतपाळचा एक जण हात हलवत आला.

"भावाचा फोटोच न्हाई बगा. पर तो हुबेहूब माझ्यावाणी. मलाच बघून काढा, मिशी तेवढी वाढवा."

मी म्हटलं, "ठीक आहे. तुमचा फोटो काढून आणा."

"आवो, मी हितं बसलोय की समोर!"

"तरी पण."

तो बिचारा गेला आणि फोटो काढून घेऊन आला. मी त्याच्यावर चौकोन पाडले. यात काही हसण्यासारखं आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

अशात एक दिवस अक्का काठी टेकत माझ्या दारात आली.

"चितारीणबाई, आता माझं काढ."

"काढू की. फोटो द्या."

"फोटो कुठला? त्या लग्नाच्या फोटोत बघितलं न्हाईस का, आप्पाच्या मागं नुसता पदर हाय. तो पदर मी."

मी हसले. अक्का हसली नाही. उंबऱ्यावर बसली.

"ऐक. मी मेले की मल्लप्पा तुझ्याकडंच येणार. तू मला गोरी करणार, जरीचं लुगडं नेसवणार, अन् कोण कुठली बाई त्यांच्या शेजारी टांगणार. मग ते काय बोलणार तिच्यासंगं? मला आधी बघू दे. मी कशी दिसती ते मलाच ठावं न्हाई. आरशात माणूस कपाळापुरतं बघतं, विभूती सरळ लागली का न्हाई, झालं."

मल्लप्पा धावत आला. "अक्का, जित्या माणसाची तसबीर? लोक म्हणतील, पोरं वाट बघून राहिलीत."

"बघून राहिलास का?"

"न्हाई अक्का! काय बोलतीस!"

"मग लोकाला म्हणू दे."

मल्लप्पा परत फिरला. पण जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, काढायचीच तर जरा उजळ काढा. आता जिल्ह्याचं ठिकाण हाय."

अक्का माझ्यासमोर येऊन बसली आणि मला घाम फुटला. इतकी वर्षं माणसांचे चेहरे रंगवत होते, पण माझ्यासमोर बसून कुणी कधी श्वास घेतला नव्हता. अक्काच्या तोंडावर चौकोन पाडता येत नव्हते. शिवाय ती नुसती बसेना. "रिकामं बसून काय करू?" म्हणून मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडायला लागली. मान खाली, मान वर, मधेच सुनेला हाक. डावा डोळा काढावा तर तो उजवीकडे गेलेला. मी शेवटी तिच्याकडे बघणं सोडलं आणि मला ठाऊक असलेलं एक म्हाताऱ्या बाईचं तोंड काढलं. नळीतली फ्लेश टिंट घेतली, वर पांढरा मारला. कुठलाही चेहरा हात आपोआप काढतो, असं मी लोकांना अभिमानाने सांगायची. तसाच काढला.

अक्काने चित्र बघितलं.

"लई झ्याक," ती म्हणाली. "कोण हाय ही?"

"तुम्हीच की, अक्का."

"मी न्हाई. माझ्या नणंदेवानी दिसती. तिचं माझं कधी पटलं न्हाई." मग ती डाळीत बोटं फिरवत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला बी दिसले न्हाई का गं मी?"

सासूबाईंच्या आवाजाने जे लागलं नव्हतं ते या हळू आवाजाने लागलं. दुसऱ्या दिवशी ते चित्र फडक्यात गुंडाळून मी नांदेडची एसटी धरली.

उस्ताद आता काम करत नव्हते. हात कापायचा. बाजेवर बसले होते, जाड चष्मा. चित्र हातात धरून त्यांनी लांब केलं, जवळ केलं.

"किसकी फोटू है?"

"फोटो नाही, उस्ताद. बाई समोर बसली होती."

"अच्छा," उस्ताद म्हणाले. "और तू कहाँ बैठी थी?"

उस्तादांनी त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या, भाजीच्या टोपलीत हात घालून वांगं उचललं आणि खिडकीशी धरलं.

"इसका रंग बोल."

"काळं."

"देख के बोल."

मी बघितलं. खिडकीकडच्या अंगाला निळसर पांढरी चिरी. त्याच्या खाली जांभळं. पोटाला तपकिरी आणि अगदी खाली बाजेवर टाकलेल्या चाचींच्या ओढणीची लाली पडलेली. काळं तेवढं कुठेच नव्हतं. मी एकेक सांगत गेले आणि उस्ताद "हौ, और?" म्हणत गेले. मला वाटलं आता संपलं, तरी ते "और?" म्हणायचे आणि खरंच आणखी एक निघायचा. शेवटी आतून चाची ओरडल्या, "बैंगन वापस दो जी! सालन का टैम हो रा!"

निघताना उस्तादांनी हात पुढे केला. "वो गुलाबी नली मेरेकू दे. मैं दीवार पे मार लेता."

मी नळी दिली. त्या दिवशी ते खिडकीपाशी बसले होते, उन्हाचा कवडसा त्यांच्या कानावर होता, आणि मला ब्रश काढायचं सुचलं नाही. पुन्हा येईन तेव्हा त्यांचंच चित्र काढू, असं एसटीत बसल्यावर ठरवलं. त्यांनी तेवढा वेळ दिला नाही. इतक्या माणसांचे कान काढले, उस्तादांचा राहिला.

परत आल्यावर अक्काला मी दारापाशी बसवलं, उजेडात. "डाळ निवडा, बोला, उठा, काय करायचं ते करा," म्हटलं. "फक्त पदर मागं घ्या. कान दिसू दे."

"कान? कान कशाला?"

"आधी कानच."

कानाचं भोक लांबलेलं होतं. तिथे एकेकाळी जड काही असणार. आप्पा गेल्यावर तिने काढून ठेवलं होतं, भोक तेवढं राहिलं होतं. त्याच्यापासून सुरुवात केली. मग गाल. जात्याच्या दगडासारखा काळा, असं मी इतकी वर्षं न बघताच म्हटलं असतं. पण दाराकडच्या बाजूला त्याच्यावर निळं होतं, हनुवटीखाली विटेचा रंग होता, गळ्याच्या सुरकुत्यांत लुगड्याचा हिरवा उतरला होता. विभूती पांढरी नव्हती, चुलीतल्या गार राखेसारखी होती. मी पॅलेटवर पांढरा घेतलाच नाही म्हटलं तरी चालेल.

अक्का बोलत राहिली. कोणती डाळ खडे लपवते, कोणत्या सुनेच्या हाताला चव. एकदा मधेच म्हणाली, "त्यायचं नाव मी जितेपणी कधी घेतलं न्हाई. त्यायनी बी माझं घेतलं न्हाई. आता घेती मी. आत, दार लावून. हाकच मारती." असं म्हणाली आणि तिचं तोंड जे झालं, ते. त्यासाठीच मी इतके दिवस बसले होते, हे मला ते झाल्यावर कळलं. पुन्हा ते दिसणार नव्हतं. मी घाईघाईने ओठांची कड बदलली आणि ब्रश खाली ठेवला.

या वेळी जवसाचं तेल होतं. वाळायला पुरता वेळ दिला. मग चित्र छातीशी उलटं धरून गल्लीतून नेलं, म्हणजे कुणी आधी बघायला नको. गल्लीने शक्य तेवढं डोकावून घेतलं. बैठकीत आप्पांच्या शेजारी मल्लप्पाने खिळा मारून ठेवला होता. मी चित्र लावलं. मल्लप्पा बघत राहिला. "जरा..." असं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो आईकडे बघू लागला, मग चित्राकडे, मग परत आईकडे. सून पदराआड म्हणाली, "अगं बाई, अक्काच!"

अक्का काठी सुनेकडे देऊन पुढे गेली. आधी तिने चित्राच्या कोपऱ्याला बोट लावून बघितलं.

"वाळलं का?"

"वाळलंय, अक्का."

मग आप्पांच्या तसबिरीलाही बोट लावलं. ती अजून किंचित चिकटत होती. तिने बोट लुगड्याला पुसलं आणि दोन पावलं मागे येऊन स्वतःकडे बघत उभी राहिली. मल्लप्पा, सून आणि मी तिच्या मागे. इतका वेळ कुणी माझं चित्र बघितलेलं नव्हतं. मला वाटलं आता नणंद निघते की काय. शाबासकी, शिव्या, जे असेल ते लवकर मिळावं म्हणून मी विचारलं, "अक्का, जमलं का?"

तिने मागे वळून बघितलं नाही. हाताने आम्हा तिघांना दार दाखवलं आणि म्हणाली, "तुमी जरा भायेर बसा. मला ह्या बाईसंगं बोलायचंय."